आईचे पाच गुण

इंचॉन
२० एप्रिल २०२२

बोगिम,

पोचले गं एकदाची. बसमध्ये पाच तास मांडी आखडून बसले होते, पण तेशिक स्टँडवर उभा होता. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा, पण मला बघून असा हसला की मला तो सहा वर्षांचा वाटला. सामान एकट्यानं उचललं. आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं मडकंसुद्धा. सूनबाईनं नाकाला रुमाल लावला, ते मी पाहिलं नाही असं समज.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. दोन खोल्या. मी नातीच्या, हारिनच्या खोलीत झोपते. भिंतींना नवा कागद लावलाय माझ्यासाठी. फिकट पिवळा. तेशिकनं रविवारी स्वतः लावला म्हणे.

आता ऐक, म्हणजे वाच. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मला वॉर्ड ऑफिसात घेऊन गेला आणि माझं नाव त्यांच्या पत्त्यावर घातलं. मी सही केली. नावाचा शिक्का नाही मारला, सही केली. खिडकीतली पोरगी मोठ्यानं काहीतरी बोलली, तेशिकनं मला लिहून दाखवलं, "आजींचं अक्षर छान आहे म्हणते." अडुसष्टाव्या वर्षी अक्षरओळख झालेल्या बाईला आणखी काय पाहिजे?

आणि सहज म्हटलं, गुडघा दुखतो, तर लगेच दवाखाना. दोन दिवसांनी डोळ्यांचा डॉक्टर. पुढच्या आठवड्यात दात. गावात मी दोन वर्षं त्या दाढेसकट जेवत होते, कुणी विचारलं होतं? तुझा मुलगा जोंगसू ग्वांगजूहून फोन करतो तो तिळाचं तेल संपलं की.

माझं घर तुझ्या नावावर केलं ते कागद नीट ठेव. तेशिक म्हणतो, नावावर घर असलं की माझी म्हातारपणाची पेन्शन अडकते. तू फक्त आठवड्यातून एकदा खिडक्या उघड. बंद घर लवकर कुजतं.

तुझी ताई,
ग्वीनाम

---

गोहुंग
६ मे २०२२

ताई,

तुझं पत्र वाचून गावातल्या चार बायकांना वाचून दाखवलं. सगळ्या जळल्या. तुला हेच हवं होतं ना?

खिडक्या उघडते. लसूण काढला, तुझ्या अंगणात वाळत घातलाय, रागावू नकोस, माझ्या अंगणात ऊन येत नाही हे तुला माहीतच आहे.

तेशिक चांगलाच आहे. नशीब काढलंस. आता तिथंच राहा. उगाच "गावाची आठवण येते" असं काही काढू नकोस, दर महिन्याला बस धरून येऊ नकोस. तीन वर्षं तरी पाय रोवून राहा. म्हाताऱ्या माणसानं एकदा जागा बदलली की दोन-तीन वर्षं लागतात रुळायला, म्हणून म्हणते.

दात काढून घेतलास की ठेवलास ते कळव.

बोगिम

---

इंचॉन
२८ नोव्हेंबर २०२२

बोगिम,

दाढ काढली. नवी बसवली. तेशिकनं दिली. आता तूच सांग.

इथं सगळं ठीक. सूनबाई मिरान सकाळी सातला जाते, रात्री येते. माझ्याशी बोलायचं तर लिहावं लागतं, म्हणून ती बोलत नाही. हारिन कधीतरी वहीच्या मागच्या पानावर लिहिते. "आजी, घोरू नकोस." मी लिहिते, "मला ऐकू येत नाही, तू ऐक." ती हसते.

मंगळवारी घरात गंमत झाली. नव्या इमारतींच्या घरांसाठी सरकारी सोडत असते ना, तिचा निकाल होता. तिघं टेबलाशी मोबाइलभोवती डोकी लावून बसलेली, जणू आत कुणी जन्माला येतंय. मग मिराननं मोबाइल पालथा ठेवला आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती. तेशिकनं मला लिहून दाखवलं, "आई, चौसष्ट गुण आहेत आपले. एकोणसत्तर लागले." त्याची ही अकरावी खेप. लग्नापासून पाच घरं बदलली त्यांनी. मालक दर दोन वर्षांनी ठेव वाढवून मागतो, मग सामान बांधा. हारिननं तीन शाळा पाहिल्या.

मी लिहिलं, "पाचच कमी पडले, पुढच्या वेळी होईल." तो माझ्याकडे बघत राहिला आणि माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा ठेवला.

दवाखान्यात दर महिन्याला जातोच. काही दुखत नसलं तरी. तेशिक माझी प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक पावती एका निळ्या फाइलीत तारखेवार लावतो. आपल्या आईची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवणारा मुलगा तू पाहिलायस कधी?

यंदा वर्षाची कोबीची किमची घालायला यायला जमणार नाही. तेशिक म्हणाला, थंडीत प्रवास नको. पुढच्या वर्षी नक्की येईन, चार दिवस तरी.

ग्वीनाम

---

गोहुंग
१३ डिसेंबर २०२३

तेशिक,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. आठवडा झाला. माझ्या बहिणीच्या हाताचं काय झालं?

त्या दिवशी तुला फोनवर नीट सांगता आलं नाही, आता सांगते आणि तू बसून वाच. किमची घालायच्या दिवशी ती सकाळी लवकर उठून कुठंतरी एकटीच फिरून आली. आली ती गप्प. मी म्हटलं, चहा घे, तिनं मान हलवली आणि सरळ कोबी मिठात घालायला बसली. दहाच्या सुमाराला टोपलं उचलताना मिठाच्या पाण्यावरून पाय घसरला, उजवा हात खाली आला. मनगटाचं हाड वर आलेलं मला डोळ्यांनी दिसत होतं. शेजारच्याची गाडी दारात होती. गोहुंगचा दवाखाना इथून वीस मिनिटांवर. मी तिला गाडीत बसवायच्या आधी तुला कळवलं, एवढीच माझी चूक.

काय म्हणालास? "मावशी, तिथल्या दवाखान्यात नेऊ नका. मी येतो." मी म्हटलं, अरे हाड बाहेर आलंय. तू म्हणालास, "मी पाया पडतो, तिथं नाव लागू देऊ नका."

साडेतीनला आलास. तोपर्यंत ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, हात टॉवेलात. बोटं काळी पडायला लागली होती. ती काही ओरडली नाही. एकदाच मला म्हणाली, "तेशिक येतोय ना? येतोय मग." घोटभर पाणीसुद्धा न पिता तू तिला मागच्या सीटवर आडवं घातलंस आणि निघालास. इंचॉनला पोचेपर्यंत साडेआठ वाजले असतील. म्हणजे साडेदहा तास. कुत्र्याचा पाय मोडला तरी माणूस एवढं थांबत नाही.

लाज वाटत असेल तर उत्तर दे.

मावशी

---

इंचॉन
२० डिसेंबर २०२३

मावशी,

हात वाचला. बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सूज आतल्या आत नसेवर दाबत राहिली, थोडं आधी आला असतात तर. किती आधी, ते मी विचारलं नाही. शस्त्रक्रिया दोनदा झाली. उजव्या हातानं आता चमचा धरता येणार नाही, पेनही नाही. हे तुम्हाला हवं होतं ते उत्तर.

आता बाकीचं. मला शिव्या घालायचा हक्क जगात सगळ्यांना आहे, फक्त तुम्हाला नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी तुम्हाला सगळं स्पष्ट सांगितलं होतं. आई सलग तीन वर्षं माझ्या पत्त्यावर राहिली तर पाच गुण मिळतात. तिच्या नावावर घर असलं तर मिळत नाहीत. तिची तब्येत कुठं दाखवली जाते त्यावरून ती खरंच कुठं राहते हे तपासतात. तुम्ही विचारलंत, "आणि घराचं काय?" मी म्हटलं, तुम्ही घ्या. त्यावर तुम्ही काय म्हणालात आठवतं? "ताईला काही सांगायची गरज नाही, तिला उगाच वाईट वाटेल." हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे. आणि त्या घरात आता सोलहून शेती करायला आलेलं जोडपं राहतंय, हेही तुम्ही तिला सांगितलेलं नाही. आईचं घर तुम्ही भाड्यानं दिलंत आणि तिला लिहिता, खिडक्या उघडते.

मी चांगला मुलगा आहे असं म्हणत नाही. पण हे गुण मी ठरवलेले नाहीत. बाजारात घर घ्यायचं तर मी आणि मिराननं काही न खाता वीस वर्षं काम करावं लागेल. सरकारनं नव्या घरांची किंमत बांधून ठेवली, म्हणून सगळा देश सोडतीच्या रांगेत उभा राहिला. रांग आवरेना म्हणून गुण आणले. ज्यानं आणले त्याला वाटलं असेल, जो म्हाताऱ्या आईबापांना सांभाळतो त्याला घर आधी मिळावं. विचार चांगलाच होता. मग लोकांनी आईबाप नुसते कागदावर आणले. मग तपासणी आली. आता म्हणे नवं बाळ झालेल्यांना वेगळा कोटा. ऑफिसात मित्र थट्टा करतात, अजून एक मूल काढ. मिरान चव्वेचाळीस वर्षांची आहे. एका माणसानं टीव्हीवर सांगितलं, यावर उपाय एकच, सरकारनंच भाड्याची घरं भरपूर बांधावीत, कुणालाही वीस वर्षं राहता येईल अशी. बरोबर आहे त्याचं. बांधली असती तर मी आईला गावातच राहू दिलं असतं आणि सणाला भेटायला आलो असतो.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या माणसानं आई कागदावर आणली होती. सोडतीत घर लागलं. तपासणीत निघालं, आईची सगळी औषधं गावच्या दवाखान्यातली. घर गेलं, दहा वर्षं अर्ज करायचा नाही, वर कोर्ट. तुमचा फोन आला तेव्हा मला तो माणूस दिसला, मावशी. आईचा हात दिसला नाही. हे खरं आहे आणि मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

सोळा महिने राहिलेत. तुम्ही आईला काही लिहिलंत तर मीही लिहीन.

तेशिक

---

इंचॉन
१८ फेब्रुवारी २०२४

बोगिम

डाव्या हातानं लिहिते. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो बघ.

हात बरा आहे. दुखत नाही. पडून असतो.

तेशिक ऑफिस सोडून आला. गावच्या डॉक्टरांवर त्याचा भरवसा नाही. स्वतः गाडी चालवत आला.

किमचीचं काय झालं? मीठ जास्त झालं असणार. माझ्या हातचं पुरं झालं नाही.

ग्वीनाम

---

गोहुंग
११ मार्च २०२४

ताई,

तुझं अक्षर बघून मला रडू आलं. पहिलीतल्या पोराचं वाटतं.

किमची चांगली झाली. थोडी खारट.

मी तुला काय म्हणणार होते, ते आता आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण पत्रात नको. तू चिडशील. कंटाळा आला तर इकडे निघून ये. माझ्याकडे राहा. तुझं घर जरा ओलं झालंय, छत गळतं, तिथं लगेच राहता येणार नाही. पण माझ्याकडे खोली आहे. तेशिकला विचारून ये मात्र. त्याला न विचारता येऊ नकोस.

तो मनानं वाईट नाही. त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावरही.

बोगिम

---

गोहुंग
२ सप्टेंबर २०२४

ताई,

सहा महिने झाले, तुझं पत्र नाही. मी दोन पाठवली, दोन्हीला उत्तर नाही. डावा हात दुखतो का? मग हारिनला सांग, ती दोन ओळी लिहील.

जोंगसू आला होता. म्हणाला, मावशीला आणू या चुसॉकच्या सणाला. मी म्हटलं, नको, प्रवास झेपणार नाही. तुझंही तेच मत असेल.

काहीतरी लिही गं. शिव्या दे, पण लिही.

बोगिम

---

इंचॉन
२३ जून २०२५

बोगिम,

डाव्या हाताची आता सवय झाली. वर्षभर रोज एक पान लिहिलं. तुला पाठवलं नाही, कारण पाठवण्यासारखं नव्हतं. आज पाठवते.

तेशिकला घर लागलं. एकोणसत्तर गुणांवर, बरोबर काठावर. एक जरी कमी असता तरी गेलं असतं. मोबाइलवर नाव दिसलं तेव्हा तेशिक जमिनीवर बसला. मिरान त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती आणि रडत होती. हारिननं मला घट्ट मिठी मारली. पंधरा वर्षांची झाली आता, हाडं टोचतात.

आता तुझ्या-माझ्यातलं.

तू शाळेत गेलीस. मी तुला पाठीवर बांधून शाळेच्या दारापर्यंत सोडायची आणि परत फिरायची. म्हणून तुला अजून वाटतं की मला वाचता येत नाही. घर तुझ्या नावावर केलं त्या कागदावर "विक्री" लिहिलं होतं. मी वाचलं. शिक्का मारायच्या आधी वाचलं. तेशिकच्या निळ्या फाइलीत दुसऱ्याच आठवड्यात एक पान पाहिलं. त्यावर चौघांची नावं होती आणि माझ्या नावापुढे पाच. त्याखाली तारीख, तीन वर्षांनंतरची. माझा दात, माझे डोळे, माझा गुडघा, सगळं त्या फाइलीत का जातंय हे मला तेव्हाच कळलं. तुला मी फुशारक्या मारत राहिले, कारण तू जळावीस असं वाटत होतं. आणि तू सगळं माहीत असून उत्तर लिहीत होतीस. आपण दोघी चांगल्याच निघालो.

तू विचारशील, मग निघून का आले नाही? गावात माझे किती गुण होते बोगिम? मी सहा महिने खोलीत पडून राहिले असते तरी तू सोडून कुणी दार वाजवलं नसतं, आणि तूही लसूण वाळवायला आली असतीस तेव्हाच. तिथं मी शून्य होते. इथं पाच होते. पाचासाठी का होईना, माझ्या मुलानं भिंतीला पिवळा कागद लावला. माशाचा मोठा तुकडा मला मिळायचा. मी खाल्ला. खोटा नव्हता मासा.

किमचीच्या दिवशी सकाळी मी माझं घर बघायला गेले होते. ओसरीवर कुणाचीतरी गोधडी वाळत होती, गुलाबी. दारात बाईच्या चपला. आतून एक तरुण बाई आली, माझ्याकडे बघून हसली आणि काहीतरी विचारलं. कोण हवंय, असंच असणार. मी वाकून नमस्कार केला आणि परत आले. तू चहा पुढे केलास. तुझ्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी टोपलं उचललं.

तेशिक येईपर्यंत मी ओसरीवर का बसले हेही सांगते. तुला वाटलं, मला काही कळत नाहीये. तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मी तुझे ओठ बघत होते. कानानं गेलेलं माणूस तोंडं वाचतं. दवाखाना नको म्हणाला, हे मला कळलं होतं. शेजाऱ्याची गाडी दारात होती. मी उठून गाडीत बसले असते तर तू अडवलं नसतंस. पण मला बघायचं होतं, तो किती वेळ लावतो. पाच गुणांसाठी नाही, आईसाठी तो वाटेत विचार बदलेल आणि फोन करील, "न्या तिला, आत्ता न्या." मी तुझ्या फोनकडे बघत बसले होते. तो वाजला की तू धावशील, म्हणजे मला कळेल. साडेपाच तास तू जागेवरून हलली नाहीस.

आता शेवटचं.

तपासणीचा माणूस दहा दिवसांपूर्वी आला. तरुण, सभ्य. बूट काढून आत आला, खाली बसला, मला ऐकू येत नाही म्हटल्यावर बॅगेतून पॅड काढलं. तेशिक माझ्या शेजारी, मिरान दाराशी. त्यानं लिहिलं, "आजी, तुम्ही इथं किती दिवस राहता?" मी म्हटलं, तीन वर्षं. माझी उशी दाखवली, माझं मडकं दाखवलं. सगळं खरंच होतं. त्यानं निळी फाइल चाळली आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं.

लिहिलं, "हात कुठं मोडला?"

मी म्हटलं, "गोहुंगला. बहिणीकडे किमची घालायला गेले होते चार दिवस."

तेशिकचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता. त्यानं तो माझ्या गुडघ्यावर दाबला.

त्या माणसानं कपाळाला आठ्या घातल्या आणि लिहिलं, "मग उपचार इंचॉनला कसे?"

"मुलगा घेऊन आला. गाडीतून."

"एवढ्या लांब? तिथंच दाखवायचं होतंत आजी. पाहुणं म्हणून गेलेल्या माणसाचा अपघाताचा दवाखाना आम्ही धरत नाही. त्यानं काहीच बिघडलं नसतं."

असं लिहून त्यानं पॅड माझ्याकडे फिरवलं. मी वाचलं. मग मीच ते तेशिककडे फिरवलं. तो वाचत होता, पण त्याचे डोळे पुढे सरकत नव्हते. एकाच ओळीवर. मिरान दारातून विचारत होती, काय झालं, काय लिहिलंय. त्या माणसाला वाटलं आपलं काही चुकलं, तो हसून काहीतरी बोलला. मी त्याला म्हटलं, "साहेब, हा कागद मला द्या." त्यानं फाडून दिला. फाइलीवर शिक्का मारला आणि गेला. घर पक्कं झालं.

इमारत बांधून व्हायला अजून अडीच वर्षं आहेत. आता माझं नाव कुठल्या पत्त्यावर आहे याला काही अर्थ नाही. काल मिराननं मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, "आई, तुम्हाला गावी जायचं असलं तर आता जाऊ शकता. मावशी एकट्या आहेत." आधी कुणी मला एवढी मोठी अक्षरं दाखवली नव्हती.

मी म्हटलं, मी कुठंही जाणार नाही.

तुझ्याकडेही येणार नाही. त्या जोडप्याला राहू दे माझ्या घरात, घर वापरात राहील. मी मेल्यावर कळवतील तुला. येऊ नकोस.

तो कागद मी फ्रिजच्या दारावर लावलाय. हारिनचं एक चुंबक होतं, स्ट्रॉबेरीचं, ते घेतलं. मिराननं एकदा काढून ड्रॉवरमध्ये टाकला, मी परत लावला. तेव्हापासून काढत नाही. तेशिक सकाळी दूध घ्यायला येतो, दार उघडतो, लावतो. आठवड्यापासून दूध पीत नाही.

आज सकाळी हारिननं तो वाचला. पहिल्यांदाच नीट वाचला असावा. माझ्या हाताकडे पाहिलं, मग बापाकडे वळून काहीतरी विचारलं. तेशिक उठून उभा राहिला आणि तिला उत्तर द्यायला लागला. त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. मला ते वाचता आले असते.

मी मान खाली घातली आणि डाव्या हातानं भात खात राहिले.

ग्वीनाम